दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ : आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

प्रश्न असा आहे की, दोन विमानतळांमधील हवाई अंतर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे का दिलेले असते, त्या अंतराला विमानाच्या वेगाने भागले तर येणारा वेळ तिकिटावरील वेळेपेक्षा इतका वेगळा का निघतो, आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये जाण्याला आणि परतण्याला सारखा वेळ का लागत नाही. उड्डाणाचे नियोजन, म्हणजे मार्ग, इंधन आणि वेळ यांचे गणित मांडणे हे माझे काम असल्यामुळे हा गोंधळ कुठे होतो हे मला चांगले ठाऊक आहे. ज्याला लोक ‘अंतर’ म्हणतात ती पृथ्वीच्या पृष्ठभागावरील एक भौमितिक संख्या असते आणि ती कधीच बदलत नाही. विमान प्रत्यक्षात ज्या मार्गाने जाते तो मात्र त्या दिवसाचा वारा, हवाई हद्दी आणि विमानाचा प्रकार पाहून ठरवला जातो. तिकिटावरील वेळ तर या दोन्हींपेक्षा वेगळा असतो, कारण त्यात जमिनीवर जाणारा वेळही धरलेला असतो. त्यामुळे अंतरापासून सुरुवात करून वेळ काढणे हा सर्वात कच्चा मार्ग आहे, असे माझे मत आहे. तरीही अंतर नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वात जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून आणि त्या दोन बिंदूंमधून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली की तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्याचा लहान कंस म्हणजे हे अंतर. उदाहरणासाठी माद्रिद आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ घेऊ. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत : माद्रिद ४०.४७ अंश उत्तर, तर केनेडी ४०.६४ अंश उत्तर. रेखांशांतील फरक सुमारे ७०.२ अंशांचा आहे. भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर सरळ पश्चिमेकडे, त्याच अक्षांशाला धरून जाणे हाच जवळचा मार्ग वाटतो, आणि ते अंतर सुमारे ५,९३० किलोमीटर भरते. बृहद्वृत्ताचे गणित मात्र वेगळे उत्तर देते. दोन ठिकाणे एकाच अक्षांशावर असतील तर ते गणित फार सोपे होते : रेखांशफरकाच्या निम्म्याची साइन घ्यावी, तिला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे, आलेल्या संख्येचा साइनव्यस्त कोन काढावा आणि तो दुप्पट करावा. येथे ३५.१ अंशांची साइन ०.५७५, तिला ०.७६ने गुणले की ०.४३७, त्याचा कोन २५.९ अंश आणि दुप्पट ५१.८ अंश येतो. पृष्ठभागावरील एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ५,७६५ किलोमीटर. म्हणजे अक्षांश धरून जाण्यापेक्षा सुमारे १६५ किलोमीटर कमी. या वाटेवर विमान मधल्या टप्प्यात ४६ अंश उत्तरेच्याही थोडे वर चढते. नकाशात ती रेषा उत्तरेकडे फुगलेली दिसते, पण फुगवटा नकाशाचा आहे, मार्गाचा नव्हे. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली तयार केलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, स्थिर दिशेने जाणारे मार्ग सरळ दिसतात. सर्वात जवळचे मार्ग दिसत नाहीत. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर हे क्षणात पटते.

हे गणित पृथ्वीला संपूर्ण गोल मानून आणि तिची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून केलेले आहे. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे : विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर. चपटेपणा धरून गणित केले तर उत्तर जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदलते. थॅडियस विन्सेंटी यांनी १९७५ साली मांडलेली पद्धत त्यासाठी अजूनही मोठ्या प्रमाणात वापरली जाते आणि तिची अचूकता मिलिमीटरपर्यंत जाते, मात्र दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असतील तर ती अडखळते. दोन संकेतस्थळांवर एकाच जोडीचे अंतर काही किलोमीटरांनी वेगळे दिसले तर कोणीही चूक केलेली नसते. एकाने गोल धरलेला असतो आणि दुसऱ्याने चपटा गोल. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून अंतर वाढत असेल का, अशी शंका काही जण काढतात. वाढते, पण ०.१७ टक्के, सहा हजार किलोमीटरमागे दहा किलोमीटर. नियोजनात आम्ही तिकडे लक्षही देत नाही.

फरक याहून मोठा, म्हणजे पंचवीस-पन्नास किलोमीटरचा असेल, तर मात्र कोणाची तरी चूक असण्याची शक्यता धरावी. सर्वात जास्त आढळणारी चूक म्हणजे अंश-मिनिटांना दशांश समजणे. केनेडी विमानतळाचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटे असा छापलेला असतो, तो ४०.३८ असा भरला तर विमानतळ सुमारे २८ किलोमीटर दक्षिणेला, थेट समुद्रात जातो, कारण ३८ मिनिटे म्हणजे ०.६३ अंश. पश्चिम रेखांशापुढचे ऋणचिन्ह विसरले तर न्यूयॉर्क मध्य आशियात, किर्गिझस्तानच्या डोंगरांत जाऊन पडते. ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते. दुसरे कारण शहर आणि विमानतळ यांतील गल्लत. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटर दूर आहे आणि हानेदा शहरालगत. ‘टोकियोपर्यंतचे अंतर’ असे नुसते लिहिले असेल तर ते यांपैकी कुठवर मोजले, हे विचारायलाच हवे. लंडनच्या नावाने तर अर्धा डझन विमानतळ चालतात. म्हणून शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत वापरावा, आणि तोही तपासून : कॅलिफोर्नियातील सॅन होजे ‘एसजेसी’ आहे, तर कोस्टारिकाचे ‘एसजेओ’.

एककांचा घोळही कमी नाही. विमानवाहतुकीत अंतर नॉटिकल मैलात मोजतात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे नेमके १,८५२ मीटर. प्रवाशांसाठीच्या तक्त्यांत आणि मैलसंचयाच्या योजनांत मात्र बहुधा जमिनीवरचा मैल असतो, जो १.६०९ किलोमीटरचा आहे. माद्रिद-न्यूयॉर्क म्हणजे सुमारे ३,११० नॉटिकल मैल किंवा ३,५८० साधे मैल. नुसते ‘मैल’ लिहिलेले पाहून चुकीचे एकक धरले तर पंधरा टक्क्यांची चूक होते.

कोणतेही विमान जरी तंतोतंत बृहद्वृत्तावरून जात नसले, तरी या भौमितिक अंतराला अधिकृत महत्त्व आहे. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत विलंब आणि रद्द उड्डाणांच्या भरपाईसाठी १,५०० आणि ३,५०० किलोमीटर हे टप्पे आहेत, आणि अंतर बृहद्वृत्तानेच मोजावे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विमानाने प्रत्यक्षात किती वळसा घेतला याला तेथे किंमत नाही. उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र वळशाची दखल घेतली जाते : युरोपीय उत्सर्जन व्यापार योजनेत बृहद्वृत्त अंतरात सरसकट ९५ किलोमीटर मिळवतात, तर आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या गणकयंत्रात ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५०, त्यापुढे ५,५०० किलोमीटरपर्यंत १०० आणि त्याहून लांबच्या अंतराला १२५ किलोमीटर मिळवले जातात. कार्बनचा आकडा आणि अंतराचा आकडा एकमेकांशी जुळत नसल्याची तक्रार पुष्कळदा याच मिळवणीतून येते.

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळतो, कारण खरा विषय तोच आहे. विमान वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडते आणि उतरते, त्यामुळे पश्चिमेला जायचे असले तरी कधी कधी पूर्वेकडे तोंड करून उडून वळसा घेऊन फिरावे लागते. त्यानंतर विमानतळातून बाहेर पडण्याचे ठरलेले मार्ग, मग हवाई मार्गांचे जाळे, आणि शेवटी उतरणीचा ठरलेला मार्ग व गर्दी असल्यास आकाशातील घिरट्या. या सगळ्यामुळे सामान्य दिवशी भौमितिक अंतरात तीन ते पाच टक्के भर पडते असे धरायला हरकत नाही. लहान अंतरांवर हे प्रमाण त्याहून बरेच जास्त असते, कारण वळसे तेवढेच राहतात आणि अंतर मात्र कमी होते.

मोठे वळसे मात्र वेगळ्या कारणांनी पडतात. हेलसिंकी ते नारिता हे भौमितिक अंतर सुमारे ७,८३० किलोमीटर आहे आणि सायबेरियावरून जाणारे विमान ते साधारण साडेनऊ तासांत पार करत असे. २०२२च्या सुरुवातीला रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली, आणि फिनएअरला उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून लांबचा मार्ग घ्यावा लागला; प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. विमानतळ जागचे हलले नाहीत, अंतराच्या तक्त्यातील आकडाही बदलला नाही, वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला. गंमत अशी की, याच कंपनीने १९८३ साली याच दोन शहरांदरम्यान विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हाही सोव्हिएत हद्द टाळून ध्रुवावरूनच जावे लागत होते, आणि तेव्हाही तेराच तास लागत.

तिबेटचे पठार टाळण्याचे कारण तांत्रिक आहे. विमानातील हवेचा दाब गेला तर वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरवर उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू थोडा वेळच पुरतो. पण त्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरहून अधिक आहे. विशेष तयारी आणि आखून दिलेल्या सुटकेच्या वाटांशिवाय तेथून जाता येत नाही. दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावर आणखी एक बंधन असते : एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढवण्यास सुरुवात झाली, आणि आज काही विमानांना पाच तासांहून अधिक परवानगी आहे. पूर्वीचे अटलांटिकवरील वाकडे मार्ग आता बरेच सरळ दिसतात त्याचे मोठे कारण हेच.

तरीही रोजच्या रोज मार्ग वाकवणारा खरा घटक वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जातो आणि कधी कधी ३०० गाठतो. त्यामुळे नियोजन करताना आम्ही कमीत कमी अंतराचा मार्ग शोधत नाही, तर कमीत कमी वेळाचा किंवा कमीत कमी खर्चाचा शोधतो. पूर्वेकडे जाताना प्रवाहात शिरण्यासाठी वाट वाकडी करणे आणि पश्चिमेकडे जाताना त्याला बगल देणे, दोन्ही परवडते. उत्तर अटलांटिकवर तर या हिशेबाने दिवसातून दोनदा समांतर मार्गांचा संच आखून प्रसिद्ध केला जातो, एक पश्चिमेकडच्या आणि एक पूर्वेकडच्या वाहतुकीसाठी, आणि तो रोज बदलतो. याचे सर्वात बोलके उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. त्या दोहोंमधील भौमितिक अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडिया पूर्वी अटलांटिकच्या बाजूने सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने पॅसिफिकवरून, पाठीमागच्या वाऱ्याच्या आधाराने, सुमारे १५,३०० किलोमीटरचा मार्ग घेतला, आणि चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही प्रवास सुमारे दोन तासांनी लवकर, साडेचौदा तासांत संपला. अंतर भागिले वेग या सूत्रावर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांना मी हेच उदाहरण देतो.

वेगाबद्दलही थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. जेट विमानाचा प्रवासी वेग, म्हणजे पूर्ण उंची गाठल्यावर सपाट उडतानाचा वेग, ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत, मॅकमध्ये ठरवतात. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने साधारण मॅक ०.७८ने, तर बोइंग ७८७ आणि एअरबस ३५० मॅक ०.८५च्या आसपास उडतात. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरले तर तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. म्हणून मॅक ०.७८ म्हणजे ताशी ८३० आणि मॅक ०.८५ म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. पंखेवाले एटीआर ७२ ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. हे सगळे हवेच्या संदर्भातील वेग आहेत. जमिनीच्या संदर्भातील वेग मिळवायचा तर त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो, आणि आसनासमोरच्या पडद्यावर दिसतो तो हा दुसरा वेग. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले तेव्हा जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली असे मुळीच नाही. ज्या हवेत ते उडत होते ती हवाच प्रचंड वेगाने पूर्वेकडे जात होती.

वाऱ्याचे गणित एकदा हाताने करून पाहण्यासारखे आहे. माद्रिद-न्यूयॉर्कचे प्रत्यक्ष उड्डाण अंतर ५,९५० किलोमीटर धरू, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० आणि वाटेवरील सरासरी पश्चिमी वारा ताशी ८० किलोमीटर. जाताना जमिनीवरील वेग ८२० राहतो आणि ७ तास १५ मिनिटे लागतात. येताना तो ९८० होतो आणि ६ तास ४ मिनिटे पुरतात. बेरीज १३ तास १९ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही मिळून १३ तास १३ मिनिटे लागले असते. म्हणजे येताना मिळणारा फायदा जातानाचे नुकसान पूर्ण भरून काढत नाही, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. वारा वाढला की ही तूट झपाट्याने वाढते : ताशी २०० किलोमीटरचा वारा दोन्ही वेळा तसाच राहिला तर जाताना साडेआठ तास, येताना ५ तास २५ मिनिटे, आणि बेरजेत सुमारे ४० मिनिटांचे नुकसान. म्हणूनच वाऱ्याला टाळण्यासाठी आणि पकडण्यासाठी वेगवेगळे मार्ग घेतले जातात. तंतोतंत आडवा वारासुद्धा फुकट नसतो, कारण विमानाला नाक वाऱ्याकडे थोडे वळवून उडावे लागते. मात्र ताशी १५० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याने ९००चा वेग ८८७ होतो, इतकेच.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, हा युक्तिवाद मला अजूनही ऐकू येतो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे तसा थेट फायदा कोणत्याच दिशेला नसतो. अनुभव तर उलटच आहे. दक्षिण गोलार्धातही मध्य अक्षांशांत पश्चिमी वारेच वाहतात, म्हणून सुमारे ११,०४० किलोमीटर अंतरावरील जोहान्सबर्ग ते सिडनी हा पूर्वेकडचा प्रवास बारा तासांच्या आसपास होतो आणि परतीला चौदा लागतात. उत्तर-दक्षिण मार्गांवर हा फरक बहुधा काही मिनिटांचाच राहतो.

लहान अंतरांवर वाऱ्यापेक्षा चढ-उतार महत्त्वाचे ठरतात. प्रवासी उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि ३६,००० फुटांवरून उतरण्याची सुरुवात विमानतळाच्या सुमारे २०० किलोमीटर आधी करावी लागते, कारण दर हजार फुटांना साधारण तीन नॉटिकल मैल धरले जातात. शिवाय बहुतेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगमर्यादा असते. चारशे किलोमीटरच्या मार्गावर जेट विमान पूर्ण वेगाने फारच थोडा वेळ उडते. त्यामुळे तेथे एटीआर आणि जेट यांच्या वेळांत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही, आणि इंधनाचा हिशेब पाहिला तर एटीआर निवडणेच शहाणपणाचे ठरते. स्कॉटलंडमधील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधील २.७ किलोमीटरचे उड्डाण वेळापत्रकात दोन मिनिटांचे असते. तेथे सरासरी वेगाला काही अर्थच उरत नाही.

आता तिकिटावरील वेळ. सुटण्याची वेळ म्हणजे विमान धावपट्टी सोडण्याची नव्हे, तर गेटवरून हलण्याची. आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके जमिनीला टेकण्याची नव्हे, तर गेटवर येऊन थांबण्याची. या दोहोंमधील काळाला आम्ही ‘ब्लॉक टाइम’ म्हणतो, आणि हवेतील वेळ त्याचा एक भाग असतो. गेटवरून धावपट्टीपर्यंत दहा ते पंचवीस मिनिटे, गर्दीच्या विमानतळावर त्याहून जास्त. उतरल्यावर पाच ते पंधरा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरील ‘पोल्डरबान’ ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की तेथून गेटपर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटे सहज जातात, आणि जवळच्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाचा तेवढा वेळ वाचतो. कोणती धावपट्टी मिळेल हे वेळापत्रक आखणाऱ्याला माहीत नसते, म्हणून तो मागील हंगामांतील प्रत्यक्ष नोंदी पाहून असा आकडा ठरवतो की बहुतेक उड्डाणे त्यात बसावीत. त्यात थोडी ऐसपैस जागा मुद्दाम ठेवलेली असते. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेले उड्डाण ‘वेळेवर’ मोजण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि वक्तशीरपणाची टक्केवारी प्रसिद्ध होऊ लागल्यापासून कंपन्यांना ती जागा थोडी वाढवण्याचा मोह होतो, हे मी नाकारणार नाही. उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोहोचते त्यामागे वैमानिकाने वेग वाढवण्यापेक्षा ही जागाच अधिक वेळा असते. वेग वाढवणे शक्य असते, पण मॅक ०.८५चे ०.८६ करून सात तासांत पाच मिनिटे वाचतात आणि इंधन लक्षणीय वाढते. वेळेची किंमत इंधनाच्या किमतीच्या तुलनेत किती धरायची याचा एक निर्देशांक प्रत्येक उड्डाणाच्या संगणकात भरलेला असतो, आणि वेग त्यावरून ठरतो.

तरीही एखाद्याला घरबसल्या अंदाज हवाच असेल तर मी असे सांगतो : बृहद्वृत्ताचे अंतर ताशी ८५० किलोमीटरने भागावे आणि त्यात ४० मिनिटे मिळवावीत. उत्तर जेट विमानाच्या ब्लॉक टाइमचे, दोन्ही दिशांची सरासरी धरून येते. ३०० किलोमीटरला तासभर, १,२०० किलोमीटरला दोन तास पाच मिनिटे, आणि सिंगापूर ते न्यूयॉर्क या सुमारे १५,३५० किलोमीटरच्या मार्गाला पावणेएकोणीस तासांच्या जवळपास, जे प्रत्यक्ष वेळापत्रकाच्या अगदी जवळ जाते. मध्य अक्षांशांतील पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर पश्चिमेकडे जाताना पाच ते दहा टक्के वाढवावेत आणि पूर्वेकडे जाताना तितकेच कमी करावेत. हिवाळ्यात वरचा आकडा घ्यावा. माद्रिद-न्यूयॉर्कसाठी सूत्र साडेसात तास देते, तर पश्चिमेकडे सव्वाआठ आणि पूर्वेकडे सात तासांच्या आसपासचा वेळ लागतो. सूत्राचे उत्तर आणि वेळापत्रक यांत तासाभराहून जास्त तफावत दिसली तर वाटेत बंद हवाई हद्द आहे, किंवा उड्डाण विनाथांबा नाही, हे आधी तपासावे. ‘थेट’ म्हणून विकलेले उड्डाण मध्ये एका ठिकाणी उतरणारे असू शकते. त्यात उड्डाणाचा क्रमांक बदलत नाही, एवढाच ‘थेट’चा अर्थ असतो.

शेवटची अडचण घड्याळाची. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते, म्हणून त्यांची नुसती वजाबाकी करू नये. समजा, माद्रिदहून ११.४५ला निघालेले विमान न्यूयॉर्कला १३.५५ला पोहोचते. घड्याळाने दोन तास दहा मिनिटे झाली. न्यूयॉर्क सहा तास मागे असल्याने प्रवास ८ तास १० मिनिटांचा. उलट दिशेने १८.०० ला निघून दुसऱ्या दिवशी ०६.५५ला पोहोचल्यास घड्याळाचे १२ तास ५५ मिनिटांतून सहा वजा करावे लागतात आणि ६ तास ५५ मिनिटे उरतात. मात्र हा सहाचा फरकही वर्षभर टिकत नाही. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक पाच तासांचा होतो, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा एक आठवडा तसेच घडते. त्या दिवसांत जोडउड्डाणांच्या वेळा एका तासाने सरकलेल्या दिसतात. हा घोळ टाळायचा असेल तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून मगच वजाबाकी करावी. आम्ही कामावर सर्वच वेळा त्याच घड्याळाने लिहितो. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तर दुसरा उपायच नाही : टोकियोहून संध्याकाळी पाचला निघून दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरणारा प्रवासी उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी अकराला पोहोचतो, आणि ऑकलंडहून सकाळी होनोलुलूला निघालेला आदल्या तारखेच्या रात्री.

जोडउड्डाण आखायचे असेल तर अंतराचा तक्ता बाजूला ठेवून त्याच महिन्यातील, त्याच दिशेचे वेळापत्रक पाहावे, आणि शक्य असल्यास त्या उड्डाणाच्या मागील दोन-तीन आठवड्यांच्या प्रत्यक्ष गेटवर पोहोचण्याच्या वेळा तपासाव्यात; त्या आता उड्डाण-मागोवा देणाऱ्या संकेतस्थळांवर सहज मिळतात. त्या यादीतील सरासरीकडे न पाहता सर्वात उशिरा आलेल्या दोन-तीन दिवसांकडे पाहावे, आणि दोन उड्डाणांमधील मोकळा वेळ त्या दिवशीही पुरला असता का, हे मोजावे.